दगडानें आंकडा जपला. नांव कोणीं जपावें?

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली कीं, पहिल्या आठवड्यांत मराठीच्या तासाला "सुटींत मीं काय पाहिलें" या विषयावर निबंध लिहून घेण्याचा आमचा जुना प्रघात आहे. निबंध बहुधा ठराविक असतात. वर्तकनगरांतील आपलीं पुष्कळशीं कुटुंबें कोंकणांतून किंवा घाटावरून पोटामागें इकडे आलेलीं. तेव्हां आंबे, फणस, नदींतील डुंबणें, गांवची जत्रा आणि परतीच्या गाडींतील गर्दी एवढ्यांत वही भरते. परंतु एका वर्षीं आठवींतील एका मुलानें निराळेंच कांहीं लिहिलें. त्याच्या गांवीं चावडीच्या भिंतींत एक पांढरा दगड बसविलेला आहे. त्या दगडावरील मजकूर चारच ओळींचा: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गांवांतून इतकीं माणसें गेलीं, आणि त्यांपैकीं सहा जणांनीं प्राण दिले. निबंधाच्या शेवटीं मुलानें लिहिलें होतें, "मीं आजोबांना विचारलें, ते सहा जण कोण? आजोबा म्हणाले, माहीत नाहीं. मग मीं पुष्कळांना विचारलें. कोणालाच माहीत नाहीं. मग सुटी संपली."

निबंधास मीं गुण दिले, शुद्धलेखनाच्या चुका दाखविल्या आणि वही परत केली. परंतु तो प्रश्न मनांतून जाईना. एका लहानशा गांवांतील सहा तरुण माणसें. त्यांस आई होती, भावंडें होतीं, कित्येकांचीं लग्नें झालेलीं असतील. त्यांचा आंकडा शंभर वर्षें ऊनपाऊस सोसून जशाचा तसा उभा आहे, आणि नांवें मात्र त्याच गांवांत, त्यांच्याच भावकींत, कोणास ठाऊक नाहींत! आंकडा जपण्याचें काम दगडानें चोख केलें. नांव जपण्याचें काम घराचें होतें. तें घरानें टाकलें. तें आपण पुन्हां हातीं घ्यावें, आणि लवकर घ्यावें, एवढेंच मला या लेखांत विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस सांगावयाचें आहे.

असे दगड महाराष्ट्रांत अनेक गांवीं आहेत. पहिलें महायुद्ध संपल्यावर, ज्या गांवांनीं लष्करास माणसें दिलीं तेथें त्या वेळच्या सरकारनें ते बसविले. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगें हें गांव तर "अपशिंगें मिलिटरी" याच नांवानें ओळखलें जातें. त्या एका गांवचे ४६ जण पहिल्या महायुद्धांत कामास आले. हिंदुस्थानांतून त्या युद्धासाठीं १० लाखांहून अधिक शिपाई आणि सेवक समुद्रापार गेले, आणि ७४,००० हून अधिक परत आले नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली, आणि ८७,००० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. एवढ्या मोठ्या आंकड्यांपुढें आपलें मन दिपून जातें, आणि दिपलेल्या डोळ्यांस एकेक माणूस दिसत नाहीं.

आपल्या मुलखांतील लोकांस या आंकड्यांतील सर्वांत जवळचा भाग म्हणजे मेसापोटेमिया, आजचा इराक देश. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें नांव "बसरा". पुण्याच्या नांवाचें सहावें डिव्हिजन तिकडे गेलें, आणि त्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्यें तैग्रिस नदीच्या कांठीं कूत या गांवीं तुर्की फौजेनें या डिव्हिजनास वेढा घातला. जवळजवळ पांच महिने तो वेढा चालला. धान्य संपत आलें. घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि आमच्यांतील कित्येक शिपायांस तें मांस तोंडांत घालवेना. शेवटीं २९ एप्रिल १९१६ रोजीं सेनापति टाउनशेंड यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. सुमारें १३,००० माणसें तुर्कांच्या कैदेंत गेलीं, आणि वाळवंटांतील त्या पायपिटींत व पुढील बंदिवासांत हजारों मेलीं.

यांची आठवण कशी ठेवली गेली? युद्धांतील मृतांच्या स्मारकांसाठीं १९१७ सालीं इंग्लंडांत एक कमिशन स्थापन झालें. मृतांमध्यें हुद्दा, वर्ण व धर्म यांवरून भेद करूं नये, असें त्याचें तत्त्व होतें. फ्रान्समध्यें न्यू शापेल येथें १९२७ सालीं जें हिंदी सैनिकांचें स्मारक उघडण्यांत आलें, त्यांत तें तत्त्व पाळलें गेलें. तेथें ४,७०० हून अधिक नांवें कोरलेलीं आहेत. बसऱ्याच्या स्मारकांत मात्र तें पाळलें गेलें नाहीं. त्या स्मारकांत ४०,५०० हून अधिक मृतांची गणना आहे. परंतु दगडावर नांवें आलीं तीं गोऱ्या सैनिकांचीं व हिंदी अधिकाऱ्यांचीं. सामान्य हिंदी शिपाई तेथें पलटणीखालील एक संख्या होऊन राहिला. एप्रिल १९२१ मध्यें नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, एप्रिल २०२१ मध्यें त्याच कमिशननें नेमलेल्या समितीनें ही गोष्ट उघड मान्य केली. तिच्या अहवालाप्रमाणें पहिल्या युद्धांतील ४५,००० ते ५४,००० मृतांची, मुख्यतः आशिया व आफ्रिका खंडांतील लोकांची, आठवण इतरांच्या बरोबरीनें ठेवली गेली नाहीं. आणि निदान १,१६,००० मृतांची, कदाचित् साडेतीन लाखांचीही, नांवानें नोंदच झालेली नाहीं. कमिशननें त्याबद्दल क्षमा मागितली. तें योग्यच झालें. परंतु परक्यांनीं क्षमा मागितली म्हणून घरच्यांचें कर्तव्य फिटत नाहीं.

नांव दगडावर आल्यानें काय होतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. भीमा नदीच्या कांठीं कोरेगांव येथें १ जानेवारी १८१८ रोजीं जी लढाई झाली, तिच्या स्तंभावर कंपनीच्या पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतील कित्येक नांवांच्या शेवटीं "नाक" हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून ते शिपाई महार ज्ञातींतील होते हें कळतें. १८९० च्या सुमारास सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हां आपले पूर्वज लढले होते हें सांगण्यास त्या लोकांजवळ तो दगड होता. सुभेदाराचे पुत्र असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं तेथें गेले. त्या स्तंभावर केवळ "इतके पडले" एवढेंच असतें, तर कोणाच्या नातवानें तेथें काय वाचलें असतें? आंकड्याला नातू नसतो, नांवाला असतो.

येथें कोणी एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाहीं. "हे लोक परक्या राज्यासाठीं लढले. ज्या सरकारनें आपल्याला गुलाम ठेवलें त्याचा पगार त्यांनीं खाल्ला. मग त्यांचें स्मरण तें काय करावयाचें?" मला वाटतें, या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याच घरांत शोधावें. १८९६ पासून चार वर्षांत आपल्या प्रांतावर दोन दुष्काळ आणि त्यांत भर म्हणून प्लेग आला. त्या काळांत जन्मलेलीं मुलें १९१४ सालीं विशीच्या आंतबाहेर होतीं. कोंकणांत चार भावांत वांटलेली वरकस जमीन, घाटावर पावसावर अवलंबून असलेलें शेत. अशा घरांतून एक भाऊ मुंबईस गिरणींत गेला आणि दुसरा पलटणींत गेला. दोघेही मनीऑर्डर पाठवीत. कोणी पोटासाठीं गेला, कोणी घराण्याच्या रिवाजासाठीं, कोणी भरती करणाऱ्याच्या गोड बोलण्यास भुलून. त्यांस देशभक्त म्हणून मिरवूं नये, तसें देशद्रोही म्हणून पुसूनही टाकूं नये. ते कोण होते आणि कां गेले, हें जाणून घ्यावें. न्याय देण्यापूर्वीं साक्ष ऐकावी लागते, आणि आम्ही तर साक्षीदाराचें नांवही विसरलों आहों.

शिवाय या लोकांच्या मनांतही बदल होत होते. दुसऱ्या युद्धांत नौदलांत काम केलेले खलाशी १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईंत "तलवार" या नाविक ठाण्यावर सरकारविरुद्ध उठले, आणि तें लोण इतर जहाजांवर पसरलें. आझाद हिंद सेनेंत गेलेले कित्येक सैनिक आधीं याच हिंदी फौजेंतले. एकाच माणसाच्या आयुष्यांत दोन्ही गोष्टी असूं शकतात. घराण्याच्या नोंदींत त्या दोन्ही याव्यात.

स्मरणाचा प्रकाश पडतो तो बहुधा थोड्यांवर. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्यांत पळसगांव म्हणून गांव आहे. तेथील नाईक यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्यें होते. ही बटालियन म्हणजे कूतच्या वेढ्यांत सांपडलेली तीच जुनी ११० वी पलटण. १० जुलै १९४४ रोजीं इटलींतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील सर्व माणसें मशीनगनच्या माऱ्यानें मेलीं किंवा जखमी झालीं. यशवंतराव एकटेच पुढें धांवले, मशीनगनचें ठाणें त्यांनीं एकट्यानें बंद केलें, आणि नंतर लपून बसलेल्या बंदूकवाल्यांच्या गोळ्यांनीं ते तेथेंच पडले. वय अवघें २२ वर्षांचें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगांवांत आहे. त्यांचें नांव इटलींतील कसिनो येथील स्मारकावर आहे. आणि २०२३ सालीं इटलींतील मोंतोने या गांवच्या लोकांनीं त्यांच्या नांवानें एक सूर्यघडी उभारली. ज्या परक्या गांवच्या रानांत हा कोंकणी तरुण पडला, त्या गांवानें ऐंशी वर्षांनीं त्याचें नांव विचारून घेतलें, ही गोष्ट मोठी आहे. पण इटलीच्या त्या मोहिमेंत ५,७८२ हिंदी सैनिक मेले. ज्यांस पदक मिळालें नाहीं, त्यांचें नांव विचारण्यास कोण येणार? त्यांच्या घरच्यांवांचून दुसरें कोणी नाहीं.

येथवर मीं शिपायांविषयीं लिहिलें. परंतु युद्धकाळांत सेवा करणारे सारेच बंदूक धरीत नव्हते. पलटणीबरोबर खेंचरवाले, भिस्ती, भटारी, झाडूवाले, डोलीवाले जात. त्यांचीं नांवें तर विस्मृतींत सर्वांआधीं गेलीं. आपल्या रत्नागिरीच्या आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरील हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती खलाशी, सारंग, टंडेल आणि बोटीच्या भट्टींत कोळसा ओढणारे आगवाले दोन्ही महायुद्धांत मालवाहू बोटींवर होते. बोट पाणबुडीनें फोडली कीं भट्टीजवळचा आगवाला वर येण्याची आशा थोडी. ज्यांस समुद्रावांचून दुसरी कबर नाहीं अशा खलाशांचें स्मारक मुंबईंत मशीद बंदराजवळ खलाशांच्या वसतिगृहांत आहे. त्यांत पहिल्या युद्धांतील २,००० हून अधिक जणांची आठवण आहे, आणि दुसऱ्या युद्धांतील ६,००० हून अधिक नांवें एका बांधीव पुस्तकांत लिहून ठेविलीं आहेत. ठाण्याहून रेल्वेनें तासाभराच्या वाटेवर असलेलें हें पुस्तक आपल्यापैकीं कितीजणांनीं पाहिलें असेल?

दरवर्षीं १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सप्ताह पाळला जातो, त्याचेंही मूळ युद्धांतच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या "फोर्ट स्टिकिन" या बोटीस आग लागली; ती विझवितांना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्यु पावले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनमधील जखमींची शुश्रूषा करण्यास गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच वारले. आणि आपल्या दारापाशींच पहावयाचें तर कल्याणजवळ त्या युद्धांत लष्कराच्या मोठ्या छावण्या पडल्या होत्या. फाळणीनंतर त्याच छावण्यांत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. कल्याणजवळच नेवाळी येथें १९४२ सालीं विमानांच्या धांवपट्टीसाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्या जमिनींचा वाद २०१७ सालींही पेटलेला होता. म्हणजे ज्या घरांतून कोणी युद्धावर गेलें नाहीं, त्या घराच्या अंगणांतही युद्ध येऊन गेलेलें असूं शकतें.

आतां एक स्वतःची चूक सांगतें. माझ्या आजोळीं देव्हाऱ्याखालच्या फडताळांत एक काशाची वाटोळी तबकडी होती. वीतभर रुंदीलाही थोडी कमी. तिच्यावर एक उभी स्त्री, आणि तिच्याजवळ सिंह. आम्हां मुलांस ती देवीच वाटे, आणि आजी नवरात्रांत तिला हळदकुंकू वाही. एका कडेला लहानशा चौकटींत कांहीं परकीय अक्षरें होतीं. तीं वाचण्याइतकें इंग्रजी तेव्हां घरांत कोणास येत नव्हतें. भाद्रपदांत घातचतुर्दशीला आजी एक पान निराळें वाढी. "हें कोणाचें?" असें विचारलें तर म्हणे, "बसऱ्याच्या आजोबांचें." आम्ही पुढें विचारलें नाहीं, तिनें पुढें सांगितलें नाहीं. आजी गेल्यावर एका दिवाळीच्या आधीं घर आवरतांना जुनीं तांब्यापितळेचीं भांडीं मोडीत घालावयाचीं ठरलीं. त्यांत ती तबकडीही गेली. त्या मोडीवर स्टीलचे सहा पेले आले. मोडीची पिशवी तांबटाच्या दुकानापर्यंत मींच वाहून नेली होती.

पुष्कळ वर्षांनीं एका पुस्तकांत तशाच तबकडीचें चित्र पाहिलें तेव्हां उमगलें. पहिल्या महायुद्धांत मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरीं अशी तबकडी पाठविली जात असे. ती स्त्री देवी नव्हती, ती ब्रिटनची प्रतिमा. आणि त्या चौकटींत मृताचें पूर्ण नांव ओतीव अक्षरांत असे. हुद्दा मुद्दामच लिहीत नसत, कारण मरण सर्वांचें सारखें. म्हणजे बसऱ्याच्या स्मारकानें जें नांव गाळलें, तें आमच्या घरीं आलेलें होतें. देव्हाऱ्याखालीं होतें. तें आम्हीं मोडीत घातलें. त्या आजोबांचें नांव मला आजही ठाऊक नाहीं. म्हणून मी या विषयावर अधिकारवाणीनें बोलत नाहीं. ज्याच्या हातून वस्तु फुटली तो जसा दुसऱ्यास "जपून धर" म्हणतो, तितकाच माझा अधिकार.

विद्यार्थिमित्रहो, आतां करावयाचें काय, तें सांगतें. पहिलें काम घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ बसण्याचें. दुसऱ्या महायुद्धांत जे अठरा वर्षांचे होते ते आज हयात असतील तर शंभरीच्या घरांत आहेत. त्यांच्या तोंडून ज्यांनीं ऐकलें ते तुमचे आजीआजोबा आहेत, आणि तेही पिकल्या पानाप्रमाणें आहेत. त्यांस "युद्धाची गोष्ट सांगा" असें विचारूं नका, बहुधा "काय सांगायचें?" असें उत्तर मिळेल. "आपल्या घराण्यांतून पलटणींत किंवा बोटीवर कोण होतें? त्यांस घरांत काय म्हणत? ते परत आले तेव्हां काय घेऊन आले? पत्र कोण वाचून दाखवी?" असे लहान प्रश्न विचारा. पितृपक्षांत कोणाचें पान वाढतात, सर्वपित्री अमावास्येला तिथि न कळलेल्या कोणाची आठवण निघते, २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या दिवशीं कोणाच्या नांवानें मेणबत्ती लावतात, शब-ए-बरातला कोणासाठीं फातिहा पढतात, तेंही विचारा. प्रत्येक धर्मानें मृतांचें नांव घेण्यास एक दिवस राखून ठेविला आहे. त्या दिवशीं जें नांव निघतें तें लागलीच वहींत उतरून घ्या. आजी मोबाइलवर बोलावयास तयार असेल तर तिचा आवाजही टिपून ठेवा; मात्र तिची परवानगी घेऊन.

दुसरें काम घरांतील वस्तु पाहण्याचें. ट्रंकेच्या तळाशीं पदक असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहूं नका, कडेकडे पहा. हिंदी शिपायांस मिळालेल्या पदकांच्या कडेवर बहुधा त्याचा नंबर, हुद्दा, नांव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पदक घांसून लखलखीत करूं नका; घांसतांना अक्षरेंही जातात. लष्करांतून सुटल्याचें पुस्तक, पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, पलटणींतील गटाचें छायाचित्र, यांपैकीं जें असेल त्याचें चित्र काढून घ्या आणि मूळ कागद सावलींत, कोरड्या जागीं ठेवा.

तिसरें काम दफ्तरांतील शोधाचें. दोन्ही महायुद्धांतील मृतांची यादी स्मारकांच्या त्या कमिशननें संकेतस्थळावर खुली ठेविली आहे, आणि ती पाहण्यास पैसे पडत नाहींत. कित्येक नोंदींत बापाचें किंवा पत्नीचें नांव, गांव, तालुका आणि जिल्हा हेंही असतें. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवा. एक, आपलीं नांवें परक्या कारकुनांनीं कानांवर पडलीं तशीं इंग्रजींत लिहिलीं. जाधवचें जादो, घाडगेचें घाटगे होऊं शकतें. म्हणून एका नांवाचीं चारपांच रूपें करून पहा. दुसरी, जिल्हे बदलले आहेत. रायगड शोधूं नका, कुलाबा शोधा. सिंधुदुर्ग १९८१ पूर्वीं रत्नागिरींत होतें. सांगलीचा पुष्कळ भाग साताऱ्यांत होता. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यांतच होतें. पलटणींचे क्रमांकही १९२२ सालीं बदलले. जुनी १०३ ती पुढें पांचव्या मराठ्यांची पहिली बटालियन झाली. पलटण कळली कीं ती कोणत्या महिन्यांत कोठें होती हें इतिहासाच्या पुस्तकांवरून काढतां येतें. मराठा लाइट इन्फंट्रीचें केंद्र बेळगांवास आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आपल्या ठाण्यांत आहे. राज्याचें पुरालेखागार मुंबईंत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत आहे. तेथें वडील माणसाबरोबर, नीट लिहिलेला अर्ज घेऊन जावें.

चवथें काम सर्वांत अवघड, आणि तें खरें लिहिण्याचें. शोध करतांना प्रत्येकास वाटतें कीं आपला पणजा शूर निघावा. तो भटारी निघेल. तापानें छावणींतच मेला असें निघेल. कदाचित् पळून आला असेंही निघेल. जें निघेल तें लिहावें. आपण घराण्याची नोंद लिहीत आहों. पोवाडा रचावयाचा नाहीं. आणि त्या नोंदींत मागें राहिलेल्या बाईचें नांव विसरूं नका. नवरा बसऱ्यास गेल्यावर जिनें सासऱ्याचें घर, दोन गुरें आणि तान्हें मूल संभाळलें, जिच्या नांवावर पुढें दरमहा थोडे रुपये आले किंवा आलेच नाहींत, तिचें नांव कोणत्याच दगडावर कोणींच कोरलें नाहीं. तिनेंही युद्धकाळांत सेवाच केली.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी असें कांहीं विचारूं लागली तर "परीक्षेला येणार आहे कां?" असें म्हणून तिला परत अभ्यासास बसवूं नका. गांवीं जातांना एक दिवस याच कामासाठीं ठेवा. आणि आपल्यापैकीं ज्या घरांतून १९६२, १९६५, १९७१ किंवा १९९९ च्या युद्धांत कोणी होतें, त्यांनीं तर आजच लिहून ठेवावें. ती माणसें आपल्यांत आहेत, त्यांस विचारतां येतें. दिल्लींत २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं जें राष्ट्रीय युद्धस्मारक उघडलें, त्यांत स्वातंत्र्यानंतर पडलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांचीं नांवें एकेका दगडावर निरनिराळीं कोरलीं आहेत. स्वतंत्र देशानें आंकड्यावर भागविलें नाहीं, नांवें दिलीं. पण त्या नांवामागचा माणूस कसा हंसत असे, हें तो दगडही सांगणार नाहीं. तें घरानेंच सांगावें.

माझी सूचना अशी कीं, आपल्या शाळेंत एक जाड वही ठेवावी, आणि प्रत्येक सुटीनंतर ज्यास जें सांपडलें तें त्यानें तींत लिहावें: नांव, घरांत म्हणत तें नांव, गांव, काम, पलटण किंवा बोट, आणि ही माहिती कोणीं सांगितली तें. हें काम लहान वाटेल. पंजाबांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें गांववार अशींच बाडें तयार करविलीं होतीं. तीं लाहोरच्या संग्रहालयांत जवळजवळ शंभर वर्षें पडून होतीं. तीं उघडलीं तेव्हां त्यांत ३ लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी निघाल्या, आणि २०२१ पासून कित्येक घरांस आपले पणजोबा त्यांत सांपडूं लागले. लिहून ठेवलेलें केव्हां कोणाच्या उपयोगीं पडेल हें लिहिणारास कळत नसतें.

आठवींतील त्या मुलाचें पुढें काय झालें, तें सांगून पुरें करतें. मीं त्यास वर लिहिलेंच सांगितलें. गणपतीच्या सुटींत तो गांवीं गेला आणि घरोघर फिरला. गांवांतल्या एका म्हातारीनें सांगितलें कीं तिच्या सासरीं घातचतुर्दशीला एका चुलत सासऱ्याचें पान वाढीत असत. तिनें नांव सांगितलें. दुसरें नांव त्यानें वर्तकनगरांत परत आल्यावर, आपल्या थोरल्या बहिणीबरोबर बसून, त्या यादींत शोधलें. नांवाचें इंग्रजी रूप पार बदललेलें होतें, परंतु गांव आणि बापाचें नांव जुळलें. दुसऱ्या दिवशीं तास सुरू होण्यापूर्वीं त्यानें वही माझ्यासमोर ठेवली. वहींत एकाखालीं एक सहा आंकडे लिहिले होते. पहिल्या दोहोंपुढें नांवें होतीं.

"बाई, चार राहिलीं," तो म्हणाला.

या वेळीं मीं शुद्धलेखन तपासलें नाहीं.